कर्करोग आहे, पण औषध आत्ता नाही

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी म्हणून रक्त तपासायला दिलेलं असतं. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या आत असायच्या, त्या ४८ हजार. त्यातही ८० टक्क्यांहून जास्त लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. माणूस सत्तरीतला, रोज सकाळी फिरायला जाणारा, कसलीच तक्रार नसलेला. पॅथॉलॉजिस्ट स्लाइड पाहतात तेव्हा छोट्या, गोल, एकसारख्या पेशींच्या गर्दीत मध्येमध्ये फुटून पसरलेले जांभळे डाग दिसतात. या पेशी इतक्या नाजूक असतात की रक्ताचा थेंब काचेवर ओढतानाच चिरडतात. पुढे फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी, होते आणि निदान येतं: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, रक्ताचा एक कर्करोग. घरचे विचारतात, ‘केमो कधीपासून?’ आणि रक्तविकारतज्ज्ञ म्हणतात, ‘आत्ता काही नको. तीन महिन्यांनी सीबीसी करून दाखवायला या.’

त्या संध्याकाळी बहुतेक घरांत ‘दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या का?’ हा विषय निघतोच. जरूर दाखवावं. पण दुसरे डॉक्टरही बहुधा हेच सांगतील. कर्करोग लवकर पकडा, लवकर उपचार करा, हे आपण आयुष्यभर ऐकत आलो आणि स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ते खरंही आहे. सीएलएलमध्ये मात्र हे गृहीतक पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं गेलं आणि दर वेळी तोंडघशी पडलं.

गंमत अशी की क्रॉनिक ल्युकेमियाच्या दुसऱ्या मोठ्या प्रकारात, सीएमएलमध्ये (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया), नियम बरोबर उलटा आहे. तिथे ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एकच दोषी जनुक तयार होतं. ते सापडलं की गोळी त्याच आठवड्यात सुरू. २००१ मध्ये आलेल्या इमॅटिनिबनं या आजाराचं चित्रच पालटलं. ओळखीतल्या कुणाला ‘ब्लड कॅन्सरची गोळी’ लगेच सुरू झाली आणि आपल्याला का नाही, या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं की आजार वेगळा आहे. सीएलएलमध्ये सगळ्या रुग्णांत सापडेल असा एक दोषी नाही.

१९७५ मध्ये, मूळचे जोधपूरचे आणि अमेरिकेत काम करणारे डॉ. कांती राय यांनी सीएलएलचे टप्पे ठरवून दिले: नुसत्या लिम्फोसाइट वाढल्यात, की गाठी आल्यात, पाणथरी सुजली आहे, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरल्यात. ही आजही वापरली जाणारी मोजपट्टी आहे. मग प्रश्न आला की पहिल्या टप्प्यातच औषध दिलं तर? फ्रान्समध्ये दीड हजारांवर रुग्णांवर हे करून पाहिलं गेलं. काहींना क्लोरँब्युसिल या केमोच्या गोळ्या लगेच, काहींना फक्त देखरेख. १९९८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आजार पुढे सरकायला वेळ लागला, पण माणसं जास्त जगली नाहीत.

यावर एक रास्त शंका घेता येते. सगळ्यांना एकाच मापानं का मोजलं? ज्यांचा आजार झपाट्यानं वाढणार आहे त्यांनाच निवडून औषध दिलं असतं तर? पण असे रुग्ण ओळखायची साधनं तेव्हा नव्हती. ती लगेच पुढच्या दोन वर्षांत आली.

१९९९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की रोगाची मूळ पेशी कुठल्या अवस्थेतली आहे यावर बरंच अवलंबून असतं. सीएलएल बी-लिम्फोसाइट या पेशींतून येतो. निरोगी बी-लिम्फोसाइट जंतूशी सामना झाल्यावर आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात, आयजीएचव्हीमध्ये, मुद्दाम बदल करून घेते. अशा बदल झालेल्या पेशीतून आलेला सीएलएल सहसा संथ असतो. बदल न झालेला आक्रमक. म्हणून इथे रिपोर्टवर ‘म्युटेटेड’, म्हणजे बदल झालेलं, असं दिसलं तर ती चांगली बातमी आहे! इंटरनेटवर शोधून आधीच धसका घेतलेल्यांना हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

२००० साली जर्मनीतल्या ३२५ रुग्णांच्या पेशींतली गुणसूत्रं तपासली गेली. फक्त १३व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १३३ महिने निघालं, तर १७व्याचा आखूड भाग गळालेल्यांचं ३२ महिने. त्या आखूड भागावरच टीपी५३ हे जनुक असतं. डीएनए बिघडलेल्या पेशीला मरायला लावणं हे त्याचं काम. केमोथेरपी मुळात डीएनए बिघडवूनच पेशी मारते. आदेश देणारंच गायब असेल तर केमो वाया जाते. हे आकडे केमोच्या काळातले आहेत, आजच्या रुग्णानं ते स्वतःला लावून घेऊ नयेत.

म्हणजे धोका ओळखता येऊ लागला. मग जर्मन गटानं जनुकं, वय, रक्तातली काही प्रथिनं यांवरून आजार वाढण्याची शक्यता जास्त असलेले, पण अजून लक्षणं नसलेले ३६३ रुग्ण निवडले. निम्म्यांना इब्रुटिनिब, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. इब्रुटिनिब हे केमो नव्हे. बी-पेशीला ‘वाढ’ असा इशारा देणारं बीटीके हे विकर (एन्झाइम) ते बंद पाडतं. औषधानं आजार छान रोखून धरला. पण पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ९३ टक्क्यांच्या वर, जवळजवळ सारखंच. वर हृदयाची अनियमित धडधड, रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब ही औषधाची देणगी, तीही ज्याला काही होत नव्हतं अशा माणसाला.

फरक का पडला नाही? मला पटणारं कारण साधं आहे: उशिरा दिलेलं औषधही तितकंच चांगलं लागू पडतं. थांबल्यानं संधी हुकत नाही. शिवाय साधारण एक तृतीयांश रुग्णांना आयुष्यभर औषध लागतच नाही, आणि लवकर सुरुवात केली तर त्यांनाही ते गिळावं लागेल. औषधाला दाद न देणाऱ्या पेशींना मोकळं रान मिळण्याचा धोका आहे तो वेगळाच.

मग कधी सुरू करायचं? हिमोग्लोबिन १०च्या खाली, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, लिम्फोसाइटची संख्या सहा महिन्यांच्या आत दुप्पट, फार मोठ्या गाठी किंवा पाणथरी, सहा महिन्यांत दहा टक्के वजन कमी, महिनाभर रात्री कपडे भिजवणारा घाम. नुसता ‘४८ हजार’ हा आकडा या यादीत नाही. थांबण्याच्या काळात खरी काळजी घ्यायची ती जंतुसंसर्गाची: न्यूमोनियाची आणि फ्लूची लस डॉक्टरांना विचारून घ्यावी, जिवंत जंतूंच्या लशी टाळाव्यात.

आणि जनुकांची ती महागडी तपासणी? ती ‘कधी’ पेक्षा ‘काय द्यायचं’ हे ठरवते. टीपी५३ बिघडलेलं असेल तर केमोच्या वाटेला जायचं नाही. बीटीके रोखणारी औषधं किंवा व्हेनेटोक्लॅक्स ही केमो नसलेली गोळी. आयजीएचव्हीचा निकाल बदलत नाही, एकदा केला की पुरे. टीपी५३ मात्र मधल्या काळात बिघडू शकतं, म्हणून ती तपासणी प्रत्येक वेळी उपचार सुरू करण्याआधी नव्यानं करायची असते. निदानाच्या वेळचा तीन वर्षं जुना रिपोर्ट फाइलमध्ये आहे म्हणून ती टाळू देऊ नका.