दारू सुटली, पण माणूस बरा झाला का?

व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सोडून किती दिवस झाले?" दिवस मोजायला सोपे पडतात, म्हणून तोच आकडा सगळ्यांच्या तोंडी. माणूस बरा झाला की नाही हे ठरवायला मात्र तो अपुरा आहे.

डॉक्टर लक्षणं बघतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या 'डीएसएम-५' या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत व्यसनाची ११ लक्षणं आहेत. ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, सोडायचे प्रयत्न फसणं, कामाची हेळसांड, मिळाली नाही की हात थरथरणं वगैरे. तीन महिने यातलं काहीच दिसलं नाही तर आजार ओसरू लागला असं धरतात. वर्षभर दिसलं नाही तर तो सुधार टिकाऊ. यातून एकच लक्षण वगळलंय, ते म्हणजे तलफ. ती वर्षानंतरही येऊ शकते, म्हणून तलफ आली की उपचार वाया गेले असं घरच्यांनी समजू नये. माणूस दारू मिळूच शकत नाही अशा ठिकाणी, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात किंवा तुरुंगात असेल, तर तशी वेगळी नोंद होते. खरी परीक्षा घरी परतल्यावर, पगाराच्या दिवशी असते.

अजिबात न पिणं हीच अट हवी का, यावर एकमत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना मदत करण्यासाठी चालवलेली संघटना १९३५पासून पूर्ण बंदच सांगते. अमेरिकेच्या मद्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०२२ साली थोडी सैल व्याख्या केली: आजाराची लक्षणं जावीत आणि अतिमद्यपान थांबावं. त्यांच्या हिशेबात पुरुषाने एका दिवसात चारपेक्षा जास्त ड्रिंक घेतले की ते अतिमद्यपान, आणि एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची १८० मिलीची एक क्वार्टर घ्या. तिच्यात जवळपास ६० ग्रॅम, म्हणजे चार ड्रिंकहून जास्त अल्कोहोल भरतं. म्हणजे "एकच क्वार्टर" म्हणणारा या सैल व्याख्येतही बसत नाही! ज्याचा आजार जुना आणि तीव्र आहे, त्याने या सवलतीच्या वाटेला जाऊच नये असं मला वाटतं.

व्यसनमुक्तीवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या बेटी फोर्ड इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञगटाने २००७ साली तीन गोष्टी एकत्र मांडल्या: नशेपासून दूर राहणं, तब्येत, आणि समाजात जबाबदारीने वागणं. तेही कुणाच्या धाकाने नव्हे, आपणहून. मला ही व्याख्या जास्त पटते. पिणं थांबलं, पण घरात अबोला तसाच आहे, झोप नाही, हाताला काम नाही, अशा माणसाला अजून मदत लागते. नेमकं त्याच वेळी सगळे "आता झालं की" म्हणून मोकळे होतात.

याच गटाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेतून बाहेर पडलेला माणूस डॉक्टरांनी दिलेलं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (अफूच्याच जातीची, पण तलफ दाबणारी औषधं) नेमून दिल्याप्रमाणे घेत असेल आणि दुसरी कुठलीही नशा करत नसेल, तर तो नशामुक्तच. "एक नशा सोडून दुसरी धरली" असं म्हणत नातेवाईक गोळी बंद करायला लावतात, त्यात जिवाला धोका असतो. औषध सुटलं की नशेची सहनशक्ती उतरते, आणि पुन्हा जुन्या मापाने हेरॉइन घेतलं तर श्वास थांबू शकतो. गोळी कमी करायची का, कधी आणि किती, हे पेशंटने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. काहींना ती वर्षानुवर्षं लागते.