‘-क्रसी’ प्रत्ययान्त इंग्रजी नामे

राज्यपद्धतींची आणि सत्ताधारी वर्गांची नावे तयार करण्यासाठी इंग्रजीत ‘-क्रसी’ हा प्रत्यय वापरतात. सत्ता कोणाच्या हाती आहे, हे त्याच्या आधीचे पद सांगते. डेमोक्रसीत ती लोकांच्या हाती असते, प्लुटोक्रसीत धनिकांच्या आणि थिओक्रसीत देवाच्या, म्हणजे व्यवहारात पुरोहितांच्या. या गटातल्या काही शब्दांना अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे, तर काही शंभर वर्षांचेही नाहीत. गटाचे एक वैशिष्ट्य मात्र शब्दकोशांत सहसा नोंदलेले नसते. यातले बरेच शब्द नावे ठेवण्यासाठी जन्माला आले आणि पुढे गंभीर चेहऱ्याने वावरू लागले.

प्रत्ययाचे मूळ ग्रीक ‘क्रातोस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ बळ, जोर, वरचष्मा. कायदेशीर अधिकारापेक्षा मनगटातल्या ताकदीचा भाव त्यात अधिक आहे. ग्रीक पुराणकथांत क्रातोस हे एक पात्रही आहे. देवांचा अग्नी चोरणाऱ्या प्रॉमीथिअसला कड्याशी जखडताना देवांचा लोहार हेफेस्टस याचा हात आखडू लागतो, तेव्हा त्याच्यावर डाफरणारा तो हाच. सोबत त्याची बहीण बिया, म्हणजे बळजबरी, उभी असते. ग्रीक ‘-क्रातिया’ लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेले, तिथे ‘त’चा उच्चार ‘स’ झाला आणि इंग्रजीने हा उच्चार तसाच उचलला. मूळचा ‘त’ टिकला तो माणसाच्या नावात. म्हणून पद्धत ती डेमोक्रसी, पण तिचा पुरस्कर्ता डेमोक्रॅट. ‘ॲरिस्टोक्रॅट’ आणि ‘डेमोक्रॅट’ ही व्यक्तिवाचक रूपे मूळ पद्धतीच्या नावांहून बरीच तरुण आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत माणसांवर शिक्के मारायची गरज पडली आणि ती रुळली.

याच कामासाठी ग्रीकमध्ये ‘-आर्की’ हा दुसरा प्रत्ययही होता. त्याच्या मुळाशी ‘आर्खे’ म्हणजे अग्रस्थान, अधिकारपद. मोनार्की म्हणजे एकाची सत्ता, ऑलिगार्की म्हणजे मोजक्यांची. तिथे प्रश्न ‘किती जण?’ असा असतो. ‘-क्रसी’ बहुधा ‘कोणत्या जातकुळीचे?’ असे विचारते.

जुन्या ग्रीक शब्दांत डेमोक्रसी अर्थातच अग्रभागी आहे. ‘देमोस’ म्हणजे लोक, त्यातही अनेकदा सामान्य लोक. अथेन्समध्ये क्लाइस्थेनीसने इ. स. पू. 508 च्या सुमारास सुधारणा केल्या आणि पुढच्या शतकात इतिहासकार हेरॉडोटसच्या लेखनात हा शब्द आढळतो. ‘आरिस्तोस’ म्हणजे सर्वोत्तम, त्यावरून ॲरिस्टोक्रसी. प्लेटोला त्यात खरोखरच उत्तम माणसांचे राज्य अभिप्रेत होते. पुढे त्याचा अर्थ घसरत घसरत उमरावांची पिढीजात सत्ता असा उरला. राज्ये बिघडत कशी जातात, हे सांगताना त्याने मानसन्मानाला हपापलेल्या योद्ध्यांच्या राजवटीला टिमोक्रसी म्हटले. ॲरिस्टॉटलने तोच शब्द मालमत्तेच्या निकषावर चालणाऱ्या सत्तेला लावला. इ. स. पू. दुसऱ्या शतकात ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसने बिघडलेल्या लोकशाहीला ऑक्लोक्रसी, म्हणजे जमावाची सत्ता, असे नाव दिले. थिओक्रसी हा शब्द इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस ज्यू इतिहासकार जोसेफसने घडवला. ज्यूंची राज्यव्यवस्था ग्रीक वर्गीकरणात बसेना. तेव्हा भाषेवर थोडी जबरदस्ती करतो आहे असे कबूल करून त्याने हे नाव पुढे केले. नवा शब्द पाडणारे इतके प्रांजळ क्वचितच असतात.

चौदाव्या शतकात फ्रेंच विद्वान निकोल ओरेमने फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्यासाठी ॲरिस्टॉटलचे ग्रंथ फ्रेंचमध्ये आणले आणि हे शब्द युरोपच्या देशी भाषांत शिरले. इंग्रजीत ते प्रामुख्याने फ्रेंचच्या वाटेने पोहोचले. डेमोक्रसीला तेव्हा आजची प्रतिष्ठा नव्हती. 1787 मध्ये सुद्धा जेम्स मॅडिसन अमेरिकेच्या नव्या घटनेची बाजू मांडताना शुद्ध डेमोक्रसी आणि रिपब्लिक यांत फरक करतो, आणि पहिलीला गोंधळ व भांडणांचे आगर ठरवतो.

ग्रीक न जाणणाऱ्यांनाही हा प्रत्यय वापरता आला, याचे कारण मधला ‘ओ’. मुळात तो ‘देमोस’सारख्या पहिल्या पदाचा स्वर. इंग्रजी कानांना मात्र ‘-ओक्रसी’ असा अख्खा तुकडा ऐकू येऊ लागला आणि तो कशालाही चिकटवता येतो हे ध्यानात आले. अठराव्या शतकात ‘मॉब’ला तो लावून मोबोक्रसी झाली. पॉलिबिअसच्या शब्दाचाच हा रस्त्यावरचा अवतार. 1838 मध्ये तरुण अब्राहम लिंकनने स्प्रिंगफील्डच्या भाषणात देशभर फैलावणाऱ्या झुंडवृत्तीबद्दल बोलताना याच शब्दाचे विशेषण योजले.

सर्वांत यशस्वी संकर ब्युरोक्रसीचा. फ्रेंच ‘ब्युरो’ म्हणजे आधी जाडेभरडे लोकरी कापड, मग ते अंथरलेले मेज, मग मेज असलेली कचेरी. त्याला ग्रीक शेपूट जोडण्याचे श्रेय व्हँसाँ द गुर्ने (1712–1759) यांना देतात. ते स्वतः फ्रेंच सरकारात व्यापारखात्याचे अधिकारी होते, म्हणजे घरातलीच तक्रार. त्यांच्या मृत्यूनंतर, 1764 मध्ये, बॅरन ग्रिमने लिहून ठेवले की गुर्ने कचेऱ्यांच्या या वेडाला फ्रान्सला जडलेला रोग म्हणत आणि ब्युरोक्रसी हा राज्यपद्धतीचा चौथा किंवा पाचवा प्रकार असल्याचे थट्टेने सांगत. इंग्रजांनाही तो प्रथम परदेशी उपद्रव वाटला. 1850 मध्ये ब्रिटिश लेखक कार्लाइलने युरोप खंडातली पीडा म्हणूनच त्याचा उल्लेख केला. मॅक्स वेबरने विसाव्या शतकाच्या आरंभी नियम, उतरंड आणि लेखी कागदपत्र यांवर चालणाऱ्या यंत्रणेचे काटेकोर विवेचन केले, आणि थट्टेतला शब्द समाजशास्त्राची परिभाषा बनला.

मेरिटोक्रसीचे उलटेच झाले आणि ते अधिक बोचरे आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲलन फॉक्सने 1956 मध्ये हा शब्द टीकेच्या सुरात वापरला होता. 1958 मध्ये मायकेल यंगच्या उपहासिकेमुळे तो सर्वतोमुखी झाला. तिच्या काल्पनिक एकविसाव्या शतकात बुद्ध्यंक आणि मेहनत यांवर माणसांची प्रतवारी होते. वर बसलेल्यांना आपण त्या जागेला लायकच आहोत अशी खात्री असते, आणि खाली राहिलेल्यांना तक्रारीला तोंडही उरत नाही. लॅटिन ‘मेरितुम’ला ग्रीक प्रत्यय लावणे शिष्टसंमत नाही, असे एका भाषापंडित मित्राने यंगला बजावले होते. वाचकांना व्याकरण खटकले नाही, आणि उपहासही कळला नाही. राजकारणी हा शब्द ध्येय म्हणून मिरवू लागले. 2001 मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीत, यंगने वर्तमानपत्रात लेख लिहून पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी तो वापरणे थांबवावे अशी मागणी केली. उपयोग झाला नाही.

टेक्नोक्रसी हा शब्द कॅलिफोर्नियातील अभियंता विल्यम हेन्री स्मिथने 1919 मध्ये प्रचारात आणला. 1930 च्या दशकातल्या मंदीच्या काळात अमेरिकेत हॉवर्ड स्कॉटच्या चळवळीने पैशाऐवजी ऊर्जेच्या एककांत हिशेब ठेवून अर्थव्यवस्था अभियंत्यांकडे सोपवावी असा आग्रह धरला. चळवळ ओसरली, शब्द उरला. जेरोंटोक्रसी, म्हणजे म्हाताऱ्यांचे राज्य, 1828 च्या फ्रान्समधली. तेव्हा तिथे प्रतिनिधी व्हायला किमान चाळीस वर्षांची अट होती. क्लेप्टोक्रसी, म्हणजे चोरांची सत्ता, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजीत आहे. नालायकांत नालायक असतील त्यांची सत्ता ती ककिस्टोक्रसी. हा शब्द इंग्लंडच्या यादवीत, 1644 मध्ये, पॉल गॉसनोल्ड या धर्मोपदेशकाच्या प्रवचनात आला आणि नंतर दीर्घकाळ अडगळीत पडला होता. अलीकडे राजकीय लेखनात त्याला पुन्हा मागणी आली आहे.

फिझिओक्रसी, म्हणजे निसर्गाची सत्ता, मात्र राज्यपद्धत नव्हे. शेती हाच संपत्तीचा उगम मानणाऱ्या, केने आदी फ्रेंच अर्थचिंतकांचा तो पंथ. ‘इडिओसिन्क्रसी’ (व्यक्तीची खास लकब) तर या कुळातलीच नाही. तिचे मूळ ‘क्रासिस’, म्हणजे मिश्रण. तिच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘सी’ नव्हे, ‘एस’ येतो आणि इथे भले भले इंग्रजही चुकतात. हिपोक्रसीचाही सत्तेशी संबंध नाही. तो ग्रीक नटाच्या सोंगावरून आलेला शब्द आहे.

मराठीने ‘-क्रसी’साठी मुख्यतः फारसी वळणाचे ‘-शाही’ घेतले. निजामशाही, आदिलशाही यांमुळे ते कानावर पडलेले होतेच. त्यामुळे लोकशाही, नोकरशाही, झुंडशाही हे शब्द सहज रुळले. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेतही ‘लोकशाही गणराज्य’ आहे, हिंदीत मात्र लोकतंत्र. आपली ‘-शाही’ अधिक ऐसपैस आहे. भांडवलशाही आणि सरंजामशाही यांना इंग्रजीत ‘-इझम’ लागते, हुकूमशाहीला आणखी तिसरेच. घराणेशाही, दडपशाही, झोटिंगशाही हे शब्द तर कोणत्याही इंग्रजी ‘-क्रसी’ची वाट न पाहता तयार झाले. मेरिटोक्रसी मात्र मराठी लेखांतही बहुधा देवनागरीत तशीच लिहिली जाते.