पाणबुडीतून नदीत: १९७१ आणि कमांडर सामंत

१६ डिसेंबर, म्हणजे १९७१ च्या विजयाचा दिवस, जवळ आला की इंदूरच्या मराठी घरांतून १९७१ च्या गोष्टी निघतात, आणि त्या बहुतेक शेजारच्या महू या लष्करी छावणीच्या वाटेने येतात. साहजिकच आहे, १९७१ चे लष्करप्रमुख माणेकशॉ एकेकाळी तिथल्या इन्फन्ट्री स्कूलचे प्रमुख होते. समुद्र इथून लांब. त्यामुळे नौदलाचं नाव निघालं तरी गप्पा कराचीवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्यापाशी आणि ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजापाशी थांबतात. बांगलादेशच्या मुक्तिलढ्यातलं नौदलाचं काम मात्र युद्ध जाहीर होण्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, तेही नदीत. आणि त्याची सूत्रं प्रत्यक्ष जागेवर एका मराठी अधिकाऱ्याच्या हाती होती: कमांडर मोहन नारायण सामंत.

नदीच का, हे आधी पाहायला हवं. फेब्रुवारी १९७१ मध्ये भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. पश्चिम पाकिस्तानातून पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जायचं तर श्रीलंकेला वळसा. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी फौजेने ढाक्यात कत्तल सुरू केल्यावर तिथल्या त्या फौजेचा अवजड दारूगोळा आणि रसद मुख्यतः जहाजांनीच यायची, ती चट्टग्राम आणि मोंगला बंदरांत. तिथून पुढे होड्या आणि बार्ज, कारण पद्मा-मेघनेच्या त्या मुलखात पावसाळ्यात रस्त्यांचा भरवसा नसतो. बंदरं अडवली की फौजेचा घास अडतो, इतका सरळ हिशेब.

त्याच सुमारास फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पाकिस्तानच्या ‘मांग्रो’ या नव्या पाणबुडीवरचे बंगाली नौसैनिक निसटले आणि त्यांतले आठजण स्पेनमार्गे एप्रिलमध्ये भारतात पोचले. या बंदरांवर गनिमी काव्याने हल्ले करायच्या योजनेला त्यांच्यामुळे अनुभवी हात मिळाले. दिल्लीत नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन मिहिर रॉय यांनी ती चालवली. पाणसुरुंग लावणाऱ्या पोरांना तयार करायची छावणी सामंतांकडे आली. सामंत स्वतः पाणबुडीवाले, १९६९ मध्ये रीगाला नौदलात दाखल झालेल्या ‘करंज’चे पहिले कप्तान. अशा माणसाला बंगालमधल्या भागीरथीच्या काठी, प्लासीला पाठवलं गेलं. होय, १७५७ ची तीच प्लासी.

तिथे आलेली पोरं बहुतेक विद्यार्थी किंवा शेतकऱ्यांची मुलं, निर्वासित छावण्यांतून निवडलेली. पोहणं त्यांना शिकवावं लागलं नाही. शिकवावं लागलं ते छातीला सुरुंग बांधून तासन्‌तास प्रवाहात राहणं, बुडी मारून जहाजाच्या बुडाला तो चिकटवणं आणि फुटायच्या आत लांब जाणं. १५-१६ ऑगस्टच्या मध्यरात्री चट्टग्राम, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे एकदम स्फोट झाले. हल्ल्याचा इशारा आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून लागलेल्या दोन बंगाली गाण्यांनी दिला होता. चट्टग्रामला ‘अल अब्बास’ आणि ‘हुर्मुझ’ ही जहाजं सापडली. बुडालेल्या जहाजांइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे जगाला कळलं की ही बंदरं पाकिस्तानच्या ताब्यात निर्धास्त नाहीत.

पुढे कलकत्ता बंदराच्या दोन बोटींवर तोफा चढवून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ तयार झाल्या. डिसेंबरमध्ये सामंत ‘पनवेल’ या गस्ती बोटीवरून त्यांना घेऊन पशुर नदीत शिरले. मोंगला घेतलं, खुलनाकडे निघाले. १० डिसेंबरला घात झाला तो आपल्याच विमानांकडून. ओळखीसाठी बोटींवर पिवळा रंग दिलेला असूनही हवाई दलाने ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ शत्रूच्या समजून बुडवल्या. ‘पलाश’चे इंजिन सांभाळणारे रूहुल अमीन गेले, बांगलादेशच्या सात वीरश्रेष्ठांत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च शौर्य सन्मानाच्या मानकऱ्यांत, त्यांचं नाव आहे. बुडालेल्या बोटींवरचे नौसैनिक चिमण सिंग जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती लागले, बांगलादेशच्या मुक्तीनंतर परतले आणि त्यांना महावीर चक्र मिळालं. सामंतांची ‘पनवेल’ वाचली.

महावीर चक्र सामंतांनाही मिळालं, मोंगला-खुलनाच्या धाडीसाठी. प्लासीच्या छावणीवर पुढे कित्येक वर्षं गुप्ततेचा पडदा राहिला. २०१९ च्या मार्चमध्ये सामंत मुंबईत वारले.