डेकवरची खरखर कुठून आली

पाय घसरू नये म्हणून आज नौकांच्या डेकवर, म्हणजे वरच्या उघड्या मजल्यावर, खरखरीत ‘नॉनस्किड’ रंग देतात. लाकडी जहाजांच्या डेकला मात्र रंग लावायची सहसा गरजच पडत नसे. उघडं सागवान ओलं झालं तरी पाय धरून ठेवतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ मलबारी सागवानाचीच. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला आहे. त्या काळी खलाशी गुडघे टेकून, वाळू-पाणी टाकून दगडाने फळ्या घासत. मळ निघे, पण फळीही झिजे. डेक दुरुस्तीचा बोजा वाढला, तेव्हा अमेरिकी नौदलाने १९३१ मध्ये ही घासाघीस आवरती घ्यायला लावली.

छोट्या नौकांना सागवान परवडत नसे. तिथे स्वस्त फळ्यांवर कॅनव्हास ताणून वर रंग देत. कापडाच्या विणीमुळे पकड मिळे, मात्र दर हंगामाच्या रंगाने वीण बुजत जाई आणि डेक गुळगुळीत होई. मग ओल्या रंगावर वाळू भुरभुरायची. म्हणजे जी वाळू डेक घासायला होती, तीच आता रंगात बसली.

पुढे फायबरग्लास आलं. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात ‘पिअर्सन ट्रायटन’ ही फायबरग्लासची शिडाची नौका गाजली आणि अशा नौका सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या. फायबरग्लासचा बाहेरचा थर, म्हणजे जेलकोट, मुळात काचेसारखा गुळगुळीत, म्हणून खडबडीत नक्षी साच्यातच कोरलेली असे. काही वर्षांत ती झिजते, आणि साचा काही परत मिळत नाही. नॉनस्किड रंगाचा धंदा खरा चालला तो या झिजलेल्या डेकांवर.

विमानवाहू नौकांची गोष्ट वेगळी. तिथे पोलादावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भरड घातलेला इपॉक्सी (घट्ट चिकटून कडक होणारा लेप) थापतात. विमानांच्या चाकांनी आणि उतरताना त्यांना अडवणाऱ्या हुकांनी तो सोलवटला की खरवडून पुन्हा. शिडाच्या नौकेवर असली भरड कशाला हवी? गुडघे सोलून निघतील.

तिथे वाळूऐवजी पॉलिमरचे बारीक मणी आले, अक्रोडाच्या कवचाचा भुगाही चालतो. काही जाड रंगांत तर भरड नसतेच, जाळीदार रोलरनेच त्यांवर टोकं उठतात. मणी वापरायचे तर पहिल्या ओल्या हातावर सढळ टाकायचे, वाळल्यावर सुटे झाडून घ्यायचे आणि वरचा हात पातळच द्यायचा. तो जाड झाला की मणी बुडाले, आणि डेक पुन्हा घसरडाच.