एका घशातून दोन सूर

मोबाईलवर फिरत फिरत एक व्हिडिओ येतो. माळावर बसलेला गायक खर्जात एक सूर धरतो, आणि तो सूर न सोडता त्याच्यावर बारीक शिट्टीसारखी धून वाजू लागते. खाली मजकूर असतो : ‘या लोकांच्या घशात जन्मतःच दोन स्वरयंत्रं असतात!’

नसतात. तुमच्याआमच्यासारखं एकच असतं. हे गाणं तुवाचं. तुवा म्हणजे दक्षिण सायबेरियातलं, मंगोलियाला लागून असलेलं रशियातलं प्रजासत्ताक. तिथे या गायकीला खूमेई म्हणतात आणि त्यातल्या शिट्टीवाल्या प्रकाराला सिगित.

गंमत म्हणजे तो वरचा सूर गायक वेगळा काढतच नाही. तो आवाजात आधीपासून असतो. स्वरतंतू सेकंदाला १५० वेळा उघडझाप करत असतील, तर १५० हर्ट्झसोबत ३००, ४५०, ६०० अशी पटीतली सगळी पिलावळ बाहेर पडते. हे हार्मोनिक. घशापासून ओठांपर्यंतची पोकळी अनुनादाने त्यातल्या काहींना उचलून धरते, बाकीचे मागे पडतात. कोणाला उचलायचं ते जीभ आणि ओठ ठरवतात. आपण दिवसभर हेच करतो. एकाच सुरातले ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे ऐकू येतात ते यामुळेच. करून बघा : पट्टी न बदलता, एका दमात ‘ऊ’पासून ‘ई’पर्यंत अगदी सावकाश सरका. कान देऊन ऐकलंत तर आवाजाच्या वर काहीतरी बारीक पायऱ्या चढताना जाणवेल.

सिगित गाणारा हीच करामत टोकाला नेतो. जिभेची कड वरच्या दातांमागे टाळूला चिकटवून तो दाढांपाशी जेमतेम एक फट ठेवतो. पोकळीचे दुसरा आणि तिसरा असे दोन अनुनाद एरवी एकमेकांपासून दूर असतात. ते जवळ येऊन साधारण १५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात एकच टोकदार सुळका तयार होतो. त्या सुळक्याखाली १५०चं दहावं हार्मोनिक आलं, की ते इतकं वर उसळतं की कान त्याला मूळ आवाजात मिसळून टाकू शकत नाही. जीभ किंचित हलली की पाळी बाराव्याची.

मधले सूर अर्थातच मिळत नाहीत, पटीतलेच घ्यावे लागतात. मूळ सूर सा धरला तर ६, ८, ९, १०, १२ म्हणजे प सा रे ग प. सातवं कोमल निषादाहूनही उतरलेलं, अकरावं दोन मध्यमांच्या अधेमध्ये. गायक सहसा ही दोन्ही गाळतात.

(अशा व्हिडिओंखाली ‘४३२ हर्ट्झने पेशी बऱ्या होतात’ हेही हमखास असतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप. पेशींना ते कोण सांगणार?)

करगिरा हा खर्जातला प्रकार वेगळा. त्यात स्वरतंतूंच्या वरच्या घड्या, एरवी बोलताना गप्प असणाऱ्या, स्वरतंतूंच्या दर दोन फेऱ्यांना एकदा थरथरतात. वारंवारता निम्मी होते, सूर थेट एक सप्तक खाली जातो.

पॉल पेना या अमेरिकेतल्या अंध ब्लूज गायकाने १९८४ साली शॉर्टवेव्ह रेडिओवर मॉस्कोच्या प्रसारणात हे गाणं पहिल्यांदा ऐकलं. मग ध्वनिमुद्रणं ऐकत, घसा खरवडत तो एकटाच शिकला. १९९५मध्ये तुवाची राजधानी किझिल इथल्या स्पर्धेत करगिरा विभागात तो पहिला आला.