संप टाकीतील सजीव वनस्पती आणि गाळण माध्यमे

मत्स्यालयाच्या मुख्य टाकीखाली बसवलेल्या आणि पाणी गाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या टाकीला संप टाकी म्हणतात. मुख्य टाकीतून ओसंडणारे पाणी नळीवाटे आपसूक खाली येते, काचेच्या आडपट्ट्यांनी पाडलेल्या कप्प्यांतून पुढे सरकते आणि शेवटच्या कप्प्यातील मोटर ते पुन्हा वर चढवते. गाळण माध्यमांच्या जोडीला एका कप्प्यात सजीव वनस्पती वाढवण्याची पद्धत खानदेशच्या हवामानात विशेष उपयुक्त ठरते.

पहिल्या कप्प्यातील स्पंज विष्ठा व उरलेले खाद्य अडवतो. त्यापुढील सिरॅमिक रिंगा किंवा लाव्हा खडकांच्या छिद्रांत जीवाणूंची वस्ती होते. त्यांतील नायट्रोसोमोनास अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पिरा नायट्राइटचे नायट्रेट. ही माध्यमे क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याखाली धुतल्यास ही वस्ती मरू शकते, म्हणून ती टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच विसळावीत.

साध्या संपमधील जीवाणूंचे काम बहुतांशी नायट्रेटपाशी थांबते. वनस्पती मात्र अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून त्यांपासून स्वतःची वाढ करतात, त्यामुळे नियमित छाटणी करणे म्हणजे ती द्रव्ये टाकीबाहेर काढणेच होय. पिवळी पडलेली पाने पाण्यातच कुजू दिली, तर ती सारी द्रव्ये परत पाण्यात उतरतात. हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती पूर्ण पाण्यात वाढते. मनीप्लांटची मुळे पाण्यात आणि पाने काठाबाहेर ठेवली जातात. त्याला कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून मिळतो, त्यामुळे त्याची वाढ पाण्यातील कार्बन डायऑक्साइडवर अडून राहत नाही. गोल्डफिश किंवा ऑस्करसारखे मासे मुख्य टाकीतील झाडे कुरतडतात वा उपटतात, पण संपमध्ये त्यांचे तोंड पोहोचत नाही. वनस्पतींचा कप्पा स्पंजनंतर असावा, नाहीतर मुळांवर गाळाचा थर बसतो. रात्री, मुख्य टाकीचा दिवा बंद असताना, या कप्प्यावर दिवा ठेवल्यास प्राणवायू व सामू (pH) यांतील चढउतार कमी होतो.

जळगाव-भुसावळ परिसरात उन्हाळ्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. 25 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 35 अंशांना सुमारे 7 मिलिग्रॅमच. शिवाय सामू तोच असला तरी तापमानाबरोबर अमोनियाचा विषारी अंश वाढतो. म्हणजे प्राणवायू घटत असतानाच अमोनिया अधिक घातक होतो, आणि अशा वेळी तो थेट शोषणाऱ्या वनस्पतींचा आधार मोठा असतो. बाष्पीभवनाने घटलेली पातळी फक्त मोटरच्या कप्प्यात दिसते: तेथील पाणी उतरत जाते, मोटर हवा ओढू लागते आणि वरच्या टाकीत बारीक बुडबुडे येतात. ही भर दररोज बोअरच्या जड पाण्याने घातली, तर बाष्पीभवनात मागे राहणारे क्षार साचत जातात आणि वनस्पती ते फारसे कमी करू शकत नाहीत. त्यासाठी साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरावे.

वीज गेल्यावर मोटर थांबते आणि वरच्या टाकीतील काही पाणी उलटे खाली उतरते. तेवढे पाणी मावेल इतकी जागा संपमध्ये कायम रिकामी ठेवावी लागते. मोटरचे पाणी वर नेणाऱ्या परतीच्या नळीला वरच्या टाकीतील पाण्याच्या पातळीलगत बारीक छिद्र पाडले, की पातळी छिद्राखाली जाताच त्यातून हवा शिरते आणि हा उलटा प्रवाह तुटतो. छिद्र शेवाळाने बुजल्यास तो तुटत नाही, म्हणून ते वेळोवेळी सुईने मोकळे करावे.