वाहनतळ व्यवस्थापन, लहान शहरांतील

शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात रस्त्याच्या कडेला आणि सार्वजनिक वाहनतळांवर कोणी, किती वेळ व कोणत्या दराने वाहन उभे करावे, हे ठरवून त्याची अंमलबजावणी करण्याच्या स्थानिक प्रशासनाच्या कामास वाहनतळ व्यवस्थापन म्हणतात. लहान शहरात एकूण जागा बहुधा पुरेशा असतात; मात्र दुकानांच्या दारातल्या जागा सकाळीच भरून जातात आणि दोन गल्ल्या पलीकडचा वाहनतळ अर्धा रिकामा राहतो. ‘पार्किंगला जागाच नाही’ ही तक्रार मुख्यतः या असमान वापरातून उद्भवते. म्हणूनच बहुमजली वाहनतळाचा खर्चिक प्रस्ताव मांडण्यापूर्वी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळी, किती जागा भरलेल्या असतात याची प्रत्यक्ष मोजणी करणे आवश्यक ठरते.

अशा मोजणीत पुष्कळदा आढळते ते असे, की मोक्याच्या जागा दिवसभर अडवणारी वाहने ग्राहकांची नसून तेथल्याच दुकानदारांची आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांची असतात. ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे १६ जुलै १९३५ रोजी पहिला पार्किंग मीटर (नाणे टाकून ठरावीक वेळ जागा वापरू देणारे यंत्र) बसला, त्यामागेही हेच कारण होते. पत्रकार व वकील कार्ल मगी यांच्या पुढाकाराने बसवलेल्या त्या मीटरचा दर तासाला ५ सेंट होता.

मीटरऐवजी वेळमर्यादा घालणे राजकीयदृष्ट्या सोपे असते, पण तिची अंमलबजावणी किचकट असते. तपासनीस टायरवर खडूने खूण करतो आणि दोन तासांनी परत येऊन ती जागेवरच आहे का, हे पाहतो. नियमित येणारे लोक मधल्या वेळात खूण पुसतात किंवा गाडी चार हात पुढे घेतात. मिशिगन राज्यातील सॅगिनॉ या लहान शहरातील अशा खुणेस अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने २०१९ मध्ये राज्यघटनेच्या अर्थाने ‘झडती’, म्हणजे जिच्यावर घटनात्मक मर्यादा लागू होतात अशी कृती, ठरवले. नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे खडूची गरज कमी झाली असली, तरी गाडी हलवत राहण्याची युक्ती टिकून आहे.

दरांचा मार्ग अधिक परिणामकारक, पण अप्रिय आहे. मागणीनुसार बदलणाऱ्या दराची कल्पना अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९५४ मध्येच मांडली होती. पुढे नगरनियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी तिला व्यवहार्य कसोटी दिली : सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील, म्हणजे प्रत्येक रस्त्यावर एखाददुसरी जागा नेहमी मोकळी सापडेल, एवढाच दर असावा. याचा अर्थ मुख्य रस्ता महाग, आडरस्ता स्वस्त आणि दूरचा वाहनतळ जवळजवळ मोफत. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी मागणी नसेल, तर तेव्हा शुल्क आकारण्याचे कारणही उरत नाही. कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटीने याच तत्त्वावर दर ठरवून वेळमर्यादा काढून टाकली. कर्मचाऱ्यांसाठी दूरच्या वाहनतळाचे स्वस्त मासिक पास, माल उतरवण्यासाठी राखीव वेळा आणि अपंगांसाठी राखीव जागा या पूरक तरतुदी नसतील, तर असे दर अन्यायकारक ठरू शकतात.

शुल्काला होणारा विरोध बहुतेक वेळा दरापेक्षा पैसा कोठे जातो या शंकेतून येतो. कॅलिफोर्नियातीलच ओल्ड पॅसाडिना भागात १९९३ मध्ये मीटर बसवताना उत्पन्न त्याच भागाच्या पदपथ, दिवे आणि स्वच्छतेवर खर्च करण्याचे ठरले, आणि आरंभी नाखूश असलेल्या व्यापाऱ्यांनी त्याच अटीवर संमती दिली.